‘पहिला ख्रिस्ती सम्राट’ : चार रोमन नाण्यांचा संच, सराफ्यातल्या माणसाने पारखलेला

पेटीत चार नाणी, एक छापील कार्ड आणि एक प्रमाणपत्र. नाणी चांगली, कार्ड चुकीचं, आणि प्रमाणपत्राचा उपयोग डब्यात खाली अंथरण्यापुरता. हिवाळ्यात नागपूरच्या सीताबर्डीला एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याच्या टेबलावर हा संच दिसला. निळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरं : ‘कॉन्स्टंटाइन, पहिला ख्रिस्ती सम्राट’. भाव 9,500 सांगितला, घासाघीस करून 8,200 ला सुटला. अशा पेट्या आता ऑनलाइनही दिसू लागल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं आयुष्य इतवारीच्या सराफ्यात गेलं. गादीवर नाही, मागच्या खोलीत. काटा, कसोटीचा दगड, भिंग आणि टंच, म्हणजे धातूचा कस, काढण्याचं काम. समोरचा माणूस डागिन्याची गोष्ट सांगत असतो, आजीचा आहे, लग्नातला आहे, अन् आपण मान डोलवत माल काट्यावर टाकतो. गोष्ट नंतर, वजन आधी. रोमन बादशहाचं नाणं आलं तरी माझा हात आधी काट्याकडेच गेला.

वजनं अशी भरली : सर्वांत जुनं 3.3 ग्रॅम, दुसरं 3 च्या आसपास, तिसरं 2.4, चौथं जेमतेम 1.6. पुस्तकांत या प्रकारांची जी वजनं देतात त्यात ही बसतात. कडेला भिंग लावलं. ओतीव माल असेल तर कडेवर साच्याची जोडरेष सापडते, अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांचे कोपरे साबणासारखे गुळगुळीत असतात. इथे तसं नाही. ठोकताना कड फाटून पडलेल्या बारीक चिरा आहेत, ठसा एका बाजूला सरकलेला आहे, म्हणजे हातोड्याखालचा माल. पहिल्या नाण्यावर तर अक्षरांच्या बगलेत चांदीचा मुलामा अजून शिल्लक आहे. कांस्याच्या नाण्याला चांदीचं पाणी देऊन बाजारात सोडण्याची ही रोमन युक्ती. सम्राट डायोक्लेशनने इ.स. 294 च्या सुमारास हे मोठं नाणं काढलं तेव्हा ते साधारण 10 ग्रॅमचं होतं. वीस वर्षांत ते तिसऱ्या हिश्शावर आलं. आमच्याकडे कुणी असा माल विकला असता तर दुकानावर माणसं चालून आली असती.

चारही नाणी अस्सल आहेत असं माझं मत आहे. आता कार्ड.

कार्डावर इंग्रजीत दोनच वाक्यं आहेत. त्यांचा अर्थ असा : 312 साली लढाईच्या वेळी आकाशात क्रूस दिसला आणि कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला, 313 साली मिलानच्या फर्मानाने त्याने ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म केला. दुसरं वाक्य सरळ खोटं आहे. 313 मध्ये मिलानला कॉन्स्टंटाइन आणि पूर्वेचा सम्राट लिसिनियस भेटले, आणि जे ठरलं ते एवढंच की ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू द्यावा, ख्रिस्ती लोकांच्या जप्त केलेल्या जागा परत कराव्यात. राजधर्म ही गोष्ट 380 ची, सम्राट थिओडोसियसच्या काळातली. तोवर कॉन्स्टंटाइन जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती.

पहिल्या वाक्याला मात्र खोटं म्हणता येत नाही आणि खरंही म्हणता येत नाही. गंमत अशी की त्याच्याविरुद्धचा साक्षीदार व्यापाऱ्याने स्वतःच पेटीत घालून दिला आहे.

पहिलं नाणं जर्मनीतल्या ट्रियरच्या टांकसाळीचं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला कॉन्स्टंटाइन, मान जाड, नाक सरळ, दाढी साफ. आधीच्या सगळ्या फौजी सम्राटांना खुरटी दाढी असे, याला नाही. हा पठ्ठ्या पहिल्यापासून आपण वेगळे आहोत हे दाखवून राहिला होता. पालथ्या बाजूला उघडाबंब सूर्यदेव, डोक्याभोवती किरणं, उजवा हात वर, डाव्या हातात पृथ्वीचा गोल. भोवती ‘सोली इन्विक्टो कोमिटी’, म्हणजे अजिंक्य सूर्याला, सम्राटाच्या सोबत्याला. हे नाणं 313 नंतरचं आहे. आकाशातला क्रूस दिसून झाला, लढाई जिंकून झाली, मिलानचं ठरून झालं, आणि बादशहाच्या खुर्द्यावर अजून सूर्यच उभा आहे. असली नाणी 317 ते 318 पर्यंत ढिगाने निघत होती. सोन्याच्या काही नाण्यांवर तर सूर्य 325 पर्यंत टिकला.

हे कसं, हे समजायला माणूस गादीवर कसा आला ते पाहावं लागतं.

कॉन्स्टंटाइन जन्मला आजच्या सर्बियातल्या निश गावात, 272 च्या सुमारास. बाप कॉन्स्टंटियस फौजी अधिकारी, आई हेलेना साध्या घरची. पुढे संत अँब्रोझने तिला सराईत काम करणारी म्हटलं आहे. डायोक्लेशनने राज्याची चौघांत वाटणी केली, दोन थोरले, दोन धाकटे. त्यात 293 ला बाप धाकटा सम्राट झाला, आणि मोठ्या घरची सोयरीक हवी म्हणून हेलेना बाजूला पडली. मुलगा डायोक्लेशनच्या दरबारी, आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमीडियाला राहिला, शिकला, लढला आणि थोडाफार ओलीसही होता. 303 ला तिथूनच ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ सुरू झाला, चर्च पाडली, ग्रंथ जाळले. म्हणजे हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं.

305 ला डायोक्लेशनने चक्क राजीनामा दिला. नव्या वाटणीत कॉन्स्टंटाइनचं नाव नव्हतं. तो निघाला बापाकडे, आणि पाठलाग होऊ नये म्हणून वाटेतले टपालाचे घोडे निकामी करत गेला अशी कथा आहे. बापासोबत ब्रिटनला पोचला. 25 जुलै 306 रोजी यॉर्कला बाप वारला आणि सैन्याने जागच्या जागी पोराला सम्राट म्हणून उचललं. वारसाहक्काचा नियम नव्हता, सैन्याची मर्जी होती. पूर्वेचा थोरला सम्राट गॅलेरियस याने नाइलाजाने त्याला धाकट्याची पदवी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॅक्सेंशियस नावाच्या दुसऱ्या दावेदाराने रोम बळकावलं. पुढच्या काही वर्षांत एका वेळी सहा-सहा जण स्वतःला सम्राट म्हणवत होते.

यात कॉन्स्टंटाइनची चाल पाहण्यासारखी आहे. 307 ला त्याने जुन्या सम्राट मॅक्सिमियनची मुलगी फाउस्टा केली. सासऱ्याने 310 ला बंड केलं, मार्सेलला पकडला गेला, आणि त्याला गळफास घ्यावा लागला. सासरचा आधार गेला तेव्हा याने नवीन आजोबा शोधून काढले : आपण क्लॉडियस गॉथिकस या जुन्या विजयी सम्राटाचे वंशज आहोत! त्याच 310 च्या एका दरबारी भाषणात असंही येतं की कॉन्स्टंटाइनला गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) देवळात अपोलोचं, म्हणजे सूर्याशी जोडलेल्या देवाचं, दर्शन झालं. म्हणजे आकाशातल्या क्रूसाच्या दोन वर्षं आधी एक दर्शन झालेलं होतं, दुसऱ्या देवाचं. ट्रियरचा सूर्य तिथून नाण्यावर आला.

मग 312. आल्प्स ओलांडून तो इटलीत उतरला, सुसा, तुरीन, व्हेरोना घेतलं, आणि 28 ऑक्टोबरला रोमबाहेर टायबर नदीवरच्या मिल्वियन पुलापाशी मॅक्सेंशियस समोर आला. त्याचं सैन्य मोडलं, तो पळताना नदीत बुडून मेला. त्या विजयाच्या आधी काय झालं याच्या दोन कथा आहेत. लॅक्टँशियस, जो पुढे कॉन्स्टंटाइनच्या मुलाचा शिक्षक होता, थोड्याच वर्षांनी लिहितो की स्वप्नात आज्ञा झाली, ढालींवर दैवी खूण काढ. सिझेरियाचा बिशप युसेबियस लिहितो की दुपार कलताना सूर्याच्या वर प्रकाशाचा क्रूस दिसला, सोबत अक्षरं, याने जिंक. आणि हे बादशहाने आपल्याला शपथेवर सांगितलं असं तो म्हणतो. पण हे युसेबियसने लिहिलं सम्राट वारल्यावर, त्याच्या चरित्रात, आणि त्याच्याच आधीच्या चर्चच्या इतिहासात या क्रूसाचा पत्ता नाही. सराफ्यात एखाद्याने आधी बिनबिलाचा डागिना आणला आणि पंचवीस वर्षांनी बिल दाखवलं तर आम्ही ते बिल फेकत नाही. नोंद करून बाजूला ठेवतो.

रोमच्या सिनेटने 315 ला त्याची कमान उभारली, ती अजून कोलोसियमशेजारी आहे. तिच्यावर कोरलं, ‘दैवी प्रेरणेने’. कुठला देव ते नाही. सिनेटर जुन्या देवांचे, बादशहा कुठल्या देवाचा याची खात्री नाही, तेव्हा दोघांना चालेल असं काहीतरी लिहून मोकळे झाले. कमानीवर सूर्यदेव आहे, क्रूस नाही.

कार्डावरचं ‘ख्रिस्ती झाला’ वाचताना मी एक नागपूरकर आहे हे विसरता येत नाही. आमच्या गावात धर्मांतर म्हटलं की दीक्षाभूमी डोळ्यांसमोर उभी राहते. 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी उघड सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. मग इतकी वर्षं वाचन, विचार, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो लोकांसमोर दीक्षा, 22 प्रतिज्ञा. काय सोडलं, काय धरलं, सगळं तोंडाने म्हटलेलं, तारखेसह. ज्यांचे आईवडील त्या दिवशी मैदानात होते अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत. ते मोजमाप घेऊन कॉन्स्टंटाइनकडे गेलं तर हाती काही लागत नाही. दिवस नाही, जागा नाही, प्रतिज्ञा नाही. बाप्तिस्मा घेतला तो 337 च्या मे महिन्यात, मरणाच्या दारात, निकोमीडियाच्या बिशपच्या हातून (त्याचंही नाव युसेबियसच, पण चरित्रकार वेगळा). पाप धुऊन निघतं ते शेवटीच धुवावं म्हणून तेव्हा बरेच जण बाप्तिस्मा लांबवत, त्यामुळे उशीर म्हणजे ढोंग असं मी म्हणत नाही. पण 325 ला निकेआच्या परिषदेत सुमारे तीनशे बिशप जमवून ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा की खालचा यावर वाद मिटवायला बसलेला माणूस स्वतः बाप्तिस्मा न झालेला होता, एवढं कार्डावर यायला हवं होतं.

सदरला माझे एक स्नेही राहतात, रेल्वेतून निवृत्त, नेमाने चर्चला जाणारे. त्यांना पेटी दाखवायला नेली. सूर्याचं नाणं त्यांनी बराच वेळ उलटसुलट केलं. मी माझं म्हणणं मांडलं की नाणं म्हणजे राजाने रोज लोकांच्या हातात ठेवलेला शब्द, आणि त्यात 318 पर्यंत सूर्य आहे, म्हणजे तोवर मन सूर्यातच होतं.

ते म्हणाले, “काहून? राजा काय टांकसाळीत बसून एकेक नाणं पाहून राहिला होता का? तुमच्याच मराठ्यांच्या रुपयावर कोणाचं नाव असे?”

मुद्दा बिनतोड होता. मराठ्यांच्या टांकसाळी रुपया पाडत, आणि त्यावर नाव दिल्लीच्या बादशहाचं. ईस्ट इंडिया कंपनीने तर मुलूख जिंकून घेतले तरी 1835 पर्यंत शाह आलमच्या नावाचे रुपये चालवले. भक्तीचा प्रश्न नव्हता, बाजाराला ओळखीचा शिक्का लागतो. अनोळखी छाप आली की दुकानदार नाणं दाताखाली धरतो, बट्टा मागतो. सराफ्यातल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावं लागू नये.

त्यांचं म्हणणं मी एवढंच फिरवून घेतो : मग हा सूर्य बाजारासाठी आणि फौजेसाठी होता. पश्चिमेच्या सैन्यात ख्रिस्ती थोडे, सूर्याला मानणारे बहुत. मनात ख्रिस्त आला असेलही, पण त्यासाठी शिपायाच्या पगाराला धक्का लावायची बादशहाची तयारी नव्हती. 315 ला पाविया गावच्या टांकसाळीत चांदीचं एक पदक निघालं, त्यात त्याच्या शिरस्त्राणावर ख्रिस्ताच्या नावाची खूण आहे. आज त्याच्या हातावर मोजण्याइतक्या प्रती उरल्या आहेत. ते बड्या लोकांना वाटायला काढलेलं. खुर्द्यावर सूर्य आणि नजराण्यावर ख्रिस्त, एकाच सालात! 321 चा कायदा घ्या. सूर्याच्या वारी न्यायालयं आणि शहरातली कामं बंद, शेतकऱ्याला सूट. ख्रिस्ती माणूस खूश, सूर्य मानणाराही खूश. राज्य करणाऱ्याचा हा टंच मला पटतो, संताचा म्हणून कुणी विकत असेल तर नाही. स्नेह्यांना हे अर्धंच पटलं. नाताळात पुन्हा बसू म्हणाले.

आता दुसरं नाणं, आणि इथे व्यापाऱ्याची खरी गोची झाली आहे. कार्डावर चौघांनाही ‘कॉन्स्टंटाइन’ म्हटलंय. या नाण्यावर भिंगाने वाचलं तर ‘क्रिस्पस’ आहे. कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा. पालथ्या बाजूला दोन बुरुजांचा छावणीचा दरवाजा, वर तारा. टांकसाळ ग्रीसमधल्या थेसालोनिकेची, काळ 324 ते 326.

क्रिस्पस हा कर्तबगार पोरगा. 324 ला बापाने लिसिनियसविरुद्ध शेवटची लढाई काढली तेव्हा आरमार याच्या हाती होतं आणि हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीत याने मोठं आरमार हरवलं. मग 18 सप्टेंबरला क्रायसोपोलिसला बापाने जमिनीवर लढाई जिंकली, आणि पूर्व-पश्चिम मिळून सगळं रोमन राज्य एका माणसाचं झालं. यॉर्कहून निघाल्याला 18 वर्षं झाली होती. लिसिनियस म्हणजे सावत्र बहिणीचा, कॉन्स्टँशियाचा नवरा. जिवाला धोका नाही असं वचन देऊन त्याला थेसालोनिकेला ठेवलं, आणि 325 ला मारलं. 326 ला क्रिस्पसला पोला गावी मारलं, बापाच्याच हुकमाने. थोड्याच काळात फाउस्टाही गेली, कोंडलेल्या गरम हमामात असं सांगतात. कारण कुणी लिहून ठेवलं नाही, पुढच्या लोकांनी सावत्र आईच्या आळाच्या कथा रचल्या. युसेबियसच्या चरित्रात क्रिस्पसचं नावच येत नाही. मुलगा आणि बायको, दोघंही निकेआच्या परिषदेनंतर साधारण वर्षभरात गेली.

व्यापाऱ्याने ‘पहिला ख्रिस्ती सम्राट’ लिहून त्याच पेटीत नकळत हा मुलगा घालून दिला. चारांत मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं, आणि बाजारभावाने हे बापाच्या नाण्यापेक्षा फार महागही नाही.

तिसरं नाणं, दोन शिपाई आणि मध्ये दोन निशाणं, ‘सैन्याचा गौरव’. 330 ते 335 मधलं. हे इतकं निघालं की याच्या गोण्या सापडतात. 11 मे 330 ला नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपलचं उद्घाटन झालं, त्या सुमाराचं. पुढे आर्ल्सच्या काही नाण्यांत शिपायांमधल्या निशाणावर ख्रिस्ताची खूण येते. पेटीत ते नाही. व्यापाऱ्याला म्हटलं, ख्रिस्ती सम्राटाच्या पेटीत ख्रिस्ताची खूण असलेलं एक तरी घालायचं. तो हसला. सापाला भाल्याने टोचणारं ख्रिस्ताचं निशाण असलेलं 327 चं कॉन्स्टँटिनोपलचं नाणं तर अस्सल असेल तर लाखात जातं. कुणी ते पाच-दहा हजारांत देत असेल तर हात खिशातच ठेवा.

या तिसऱ्या नाण्याकडे मी वेगळ्या कारणाने पाहतो. 2.4 ग्रॅम. पुढे 335 नंतर दोनाऐवजी एकच निशाण आणि वजन दीड ग्रॅमच्या आसपास. इकडे सोन्याचं सॉलिडस मात्र कॉन्स्टंटाइनने 310 च्या सुमारास काढलं, एका रोमन पौंडात 72 नाणी, नग साधारण साडेचार ग्रॅम, आणि ते पुढे सातशे वर्षं टिकलं. त्यासाठी लागणाऱ्या सोन्यात जुन्या देवळांच्या तिजोऱ्याही गेल्या. पगारदार अधिकाऱ्याला सोनं, बाजारातल्या बाईला झिजत जाणारं तांबं. देव बदलला तरी हा हिशेब बदलला नाही. कमानीपेक्षा, चरित्रापेक्षा हे मला त्या राजाबद्दल जास्त सांगतं, पण माझा धंदाच तसा, नजर वजनावर जाते.

चौथं सर्वांत लहान, नखापेक्षा थोडं मोठं, आणि यासाठी पेटी घ्यावी. 337 ला तो वारल्यावर मुलांनी काढलेलं. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेला कॉन्स्टंटाइन, सोबत ‘दिवुस’, म्हणजे देवपदाला गेलेला. जुने रोमन सम्राट मेल्यावर सिनेट त्यांना देव ठरवे, तीच पदवी. पालथ्या बाजूला चार घोड्यांच्या रथात तो आकाशात निघालाय आणि वरून एक हात त्याला घ्यायला खाली आलाय. रथ सूर्याचा, पदवी जुन्या देवांची, हात ख्रिस्ती लोकांच्या देवाचा. युसेबियसने या नाण्याचं वर्णन करून ठेवलंय, त्याला यात काही खटकलेलं दिसत नाही. आणि ज्याला रथात घालून देव केला त्याचं शरीर पुरलं ते प्रेषितांच्या चर्चमध्ये, बारा प्रेषितांच्या स्मृतिचिन्हांच्या मधोमध. हे नाणं माझ्या नातीने मोबाइलवर मोठं करून दाखवलं तेव्हा हाताची बोटं दिसली. दीड ग्रॅमच्या तांब्यावर बोटं कोरणाऱ्या कारागिराला मी मानतो.

ते नाणं हातात घेतल्यावर, त्या काळी इकडे आपल्याकडे काय चाललं होतं हे पाहायचा मोह आवरला नाही. कॉन्स्टंटाइन रोममध्ये शिरला तेव्हा आपल्या विदर्भात वाकाटकांचा पहिला प्रवरसेन गादीवर होता, ताम्रपटांत त्याचे चार अश्वमेध सांगितले आहेत. 319 ला तिकडे सूर्य नाण्यावरून नुकताच उतरला होता आणि इकडे उत्तरेत गुप्त संवत सुरू झाला. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. बसं आपलं लावून पाहिलं.

घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. प्लॅस्टिकच्या ज्या खिशांत नाणी आली ते मऊ, तेलकट वासाचे आहेत. काढून कागदी पाकिटात किंवा कडक कॅप्सूलमध्ये ठेवा. नाण्यावरची काळपट हिरवी चढ हेच त्याचं चिलखत. आमच्या घरी स्वयंपाकघरातून चिंच-मीठ घेऊन यायची तयारी झाली होती, तांब्याचा गडवा घासतात तसं. ते करू नका, सतराशे वर्षं दोन मिनिटांत निघून जातील. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल आणि बोटाला लागत असेल तर तो तांब्याचा रोग आहे, ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. माझ्या संचात नाही. प्रमाणपत्रावर ना फोटो, ना वजन, ना परवाना क्रमांक, नुसती सोनेरी मोहोर. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते विकायचा धंदा करायला परवाना लागतो. परवाना पाहा, नाण्याच्या वर्णनासह पक्कं बिल मागा. मी मागितलं, मिळालं, बिलावर क्रिस्पसचं नाव माझ्या आग्रहाने घातलं गेलं.

पूर्ण पेटीच घ्या असं नाही. पैसे मोजके असतील तर सूर्याचं आणि रथाचं ही दोन सुटी घ्या, बाकीची नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयात किंवा पुस्तकात पाहता येतात, अन् शिपायांचं तर कुठेही मिळेल. मखमलीची पेटी आणि कार्ड यांचे निदान हजार रुपये लागले आहेत असा माझा अंदाज.

व्यापाऱ्याला फोन करून कार्डातल्या चुका सांगितल्या. ऐकून घेतलं, भला माणूस आहे. म्हणाला, “काका, मिलान, राजधर्म, आकाशातला क्रूस असं लिहिलं की पेटी जाते. तुम्ही सांगता ते लिहिलं तर गिऱ्हाईक उभं राहून वाचत बसेल आणि पुढच्या टेबलावर जाईल.” पुढच्या छपाईत राजधर्माचं वाक्य काढतो म्हणाला, क्रूस ठेवतो. त्याच्याकडे हेलेनाचं एक नाणं आलंय, ‘ऑगस्टा’ पदवीसह, मुलाने सम्राट झाल्यावर सराईतल्या आईला दिलेली. 3,000 सांगतोय. मी 2,000 म्हटलंय, फोटोत कड नीट दिसत नाही, ती पाहिल्याशिवाय पुढे सरकणार नाही.